स्वस्तातला वाटाड्या

परदेशी शिकायला निघालेल्या मुलाच्या पेटीत काय काय भरावे, याची यादी आता कोकणातल्या घराघरांतून पाठ झाली आहे. मेतकूट, आमसुले, कुळथाचे पीठ, गोडा मसाला, एक लहानसा कुकर आणि कपड्यांच्या घडीत जपून ठेवलेली गणपतीची चिमुकली मूर्ती. दिवाळी आली की त्या पेटीच्या मागोमाग फराळाचा डबा विमानाने रवाना होतो. त्यातल्या चकल्यांचे तिकडे पोचेपर्यंत काय होते, ते खाणाऱ्यालाच ठाऊक! या यादीत एक वस्तू मात्र कधीच नसते, आणि आज आम्ही तिच्याबद्दलच लिहिणार आहोत. ती म्हणजे वाटाड्याचे पुस्तक. पूर्वी त्याला 'प्रवासी मार्गदर्शिका' असे भारदस्त नाव होते. हल्ली सगळे सरळ 'गाइडबुक' म्हणतात.

विषय सुचला तो दाभोळहून आलेल्या एका पत्रावरून. पत्र लिहिणाऱ्या गृहस्थांची मुलगी जर्मनीत शिकते आहे. ते लिहितात : "बँकेचे कर्ज काढून मुलीला पाठविली. आता फोनवर म्हणते, सुट्टीत प्राग आणि व्हिएन्ना पाहून येते. त्यासाठी एक पुस्तक घ्यायचे आहे, त्याची किंमत तेवीस युरो. मी म्हटले, अगं, तू शिकायला गेलीस की फिरायला? तर म्हणते, बाबा, दोन्ही. आपण दर आठवड्याला या पानावर जगाला शहाणपण शिकविता, तेव्हा आपणच सांगा, आमच्या दोघांत बरोबर कोण?"

प्रश्न सरळ आहे, म्हणून उत्तरही सरळ देतो. मुलगी बरोबर आहे. पण तेवीस युरो बरोबर नाहीत.

आधी मुलीची बाजू. ज्या कर्जाचे हप्ते पुढे पुष्कळ वर्षे फेडायचे आहेत, त्या कर्जात केवळ पदवीच येते असे नाही. एका देशात राहून शेजारचे चार देश रेल्वेने पाहण्याची संधी त्याच पैशात पदरात पडलेली असते. तीच मुलगी उद्या नोकरीला लागून मुंबईहून व्हिएन्ना पाहायला निघाली, तर विमानाचे तिकीट, व्हिसाची फी आणि साहेबाकडून मिळवायची रजा यांचा हिशेब बाबांनीच करून पाहावा. युरोपात वास्तव्याचा परवाना असलेल्या आपल्या विद्यार्थ्याला 'इंटररेल'चा पास मिळू शकतो. १९७२ साली तरुणांसाठी निघालेला हा पास आज सर्व वयांच्या रहिवाशांना मिळतो. पाहुणा म्हणून येणाऱ्यासाठी तो नाही. त्याच्यासाठी वेगळा 'युरेल' आहे. तेव्हा आज जे जवळ आहे ते पाहून घ्यावे, यात उधळेपणा नाही.

शिवाय दापोली तालुक्याला परदेशी शिकणारी मुले काही नवीन नाहीत. मुर्डीचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे १८९६ साली केंब्रिजला गेले आणि १८९९ साली सीनियर रँग्लर झाले. मुरूडच्या कर्व्यांच्या सूनबाई इरावती १९२८ साली बर्लिनला गेल्या आणि मानववंशशास्त्राची डॉक्टरेट घेऊन १९३० साली परतल्या. ज्या वर्षी परांजपे केंब्रिजला पोचले, त्याच वर्षी गुस्ताव्ह डेव्हिड नावाच्या मूळच्या पॅरिसच्या माणसाने तिथल्या बाजारचौकात जुन्या पुस्तकांची गाडी मांडली. त्या गाडीचे पुढे दुकान झाले आणि ते आजही केंब्रिजात आहे. परांजप्यांनी त्या गाडीवरून काय घेतले, काय नाही, हे आम्ही सांगू शकत नाही. पण विद्यार्थी आणि जुन्या पुस्तकांची गाडी ही जोडी किती जुनी आहे, एवढे त्यावरून ध्यानात येईल.

आता त्या तेवीस युरोंकडे वळू. म्हणजे आपले दोन हजारांवर रुपये. वाटाड्याची पुस्तके मुळात श्रीमंतांसाठीच निघाली. लंडनच्या जॉन मरेने १८३६ साली युरोपखंडाची मार्गदर्शिका काढली. जर्मनीत कोब्लेंझचा कार्ल बेडेकर हा त्याच सुमाराचा. त्याच्या लाल पुठ्ठ्याच्या पुस्तकांचा एवढा बोलबाला झाला की 'बेडेकर' म्हणजेच मार्गदर्शिका असे लोक समजू लागले. (आमच्याकडे बेडेकर म्हटले की लोणचे आठवते, ते वेगळे!) या पुस्तकांचे गिऱ्हाईक म्हणजे बरोबर नोकर आणि चार पेट्या घेऊन हिंडणारे लोक.

खिशाला भोक असलेल्या माणसाचे पुस्तक यायला पुढे शंभरावर वर्षे जावी लागली, आणि ते आणले तेही तसल्याच माणसांनी. आर्थर फ्रॉमर हा जर्मनीत नेमणुकीवर असलेला अमेरिकन शिपाई. त्याने आधी आपल्या सोबत्यांसाठी एक लहान पुस्तक काढले आणि १९५७ साली 'रोज पाच डॉलरांत युरोप' या अर्थाचे आपले प्रसिद्ध पुस्तक छापले. १९६० साली हार्वर्डच्या विद्यार्थ्यांनी विमानाने युरोपला निघालेल्या आपल्या सोबत्यांना वीस पानांचे एक पत्रक वाटले. त्यातूनच 'लेट्स गो' ही मालिका उभी राहिली. टोनी आणि मॉरीन व्हीलर हे जोडपे लंडनहून खुष्कीच्या मार्गाने आशिया ओलांडून ऑस्ट्रेलियाला पोचले तेव्हा त्यांच्याजवळ अवघी सत्तावीस सेंटची मोड उरली होती. लोक वाट विचारू लागले म्हणून त्यांनी १९७३ साली घरीच पाने टाचून एक पुस्तिका केली. तिच्यातून 'लोन्ली प्लॅनेट'चा पसारा वाढला. म्हणजे ज्यांनी काटकसरीने हिंडायला जगाला शिकविले, त्यांची पुस्तके आज तेवीस युरोंना विकली जातात!

तरीही ती पुस्तके तेवीस युरो देऊनच घ्यावी लागतात असे नाही. कुठे शोधावीत, ते आता क्रमाने सांगतो.

सर्वांत आधी गावचे सार्वजनिक वाचनालय. विद्यापीठाचे ग्रंथालय नव्हे, शहराचे. विद्यापीठात प्रागच्या इतिहासाचे सहा खंड मिळतील, पण रात्री स्वस्तात झोपायचे कुठे, हे त्यात नसेल. शहराच्या वाचनालयात प्रवासाचे वेगळे कपाट असते आणि त्यातली पुस्तके इतर पुस्तकांप्रमाणेच घरी नेता येतात. ब्रिटनमध्ये सभासदत्वाला पैसे पडत नाहीत. जर्मनीत पुष्कळ ठिकाणी थोडी वार्षिक वर्गणी असते आणि विद्यार्थ्याला त्यातही बहुधा सवलत मिळते. हीच वाचनालये नवी आवृत्ती आली की जुनी काढून टाकतात. दाराशी एका मेजावर ती नाममात्र किमतीला मांडलेली असतात. त्या मेजावर नजर ठेवावी.

दुसरी जागा धर्मादाय दुकानांची. लोकांनी दान केलेल्या वस्तू विकून संस्थेसाठी पैसा उभा करायचा, ही इंग्लंडातली रीत. ऑक्सफॅम या संस्थेने दुसऱ्या महायुद्धानंतर ऑक्सफर्डच्या ब्रॉड स्ट्रीटवर असे दुकान काढले. आज तिची नुसत्या पुस्तकांचीही दुकाने आहेत आणि जर्मनीतही आहेत. सहल करून आलेला माणूस गाइडबुक पुन्हा वाचत नाही. ते कादंबरीसारखे जपून ठेवावेसेही वाटत नाही. त्यामुळे या दुकानांत ते हमखास येते आणि एका कॉफीच्या किमतीत पुन्हा बाहेर पडते.

तिसरी जागा तर फुकटाची आहे. जर्मनीतल्या कितीतरी गावांत चौकात किंवा बागेच्या कडेला काचेच्या दाराचे एक कपाट उभे असते. त्याला कुलूप नाही, राखणदार नाही. हवे ते पुस्तक न्यावे, नको ते आणून ठेवावे. आपल्याकडे उन्हाळ्यात पाणपोई घालतात ना, तशी ही पुस्तकांची पाणपोई. इथे एकच पथ्य, फक्त नेणारे होऊ नये.

चौथी जागा विद्यार्थ्यांचे वसतिगृह. सत्र संपले की शेकडो मुले खोल्या सोडून जातात. विमानात तेवीस किलो नेता येते आणि सामान निघते तीस किलो. त्या वेळी पहिला बळी पुस्तकांचा जातो. फळ्यावरच्या चिठ्ठ्या वाचाव्यात, आणि जिन्याखालच्या खोक्यांत हात घालायला लाजू नये. रविवारच्या जुन्या बाजारातही असेच. मुंबईत फ्लोरा फाउंटनच्या पदपथावर किंवा पुण्यात अप्पा बळवंत चौकात ज्याने जुनी पुस्तके घासाघीस करून घेतली आहेत, त्याला तिथे कोणी शिकवायला नको. संध्याकाळी बाजार आवरताना जावे. दुकानदाराला ते ओझे पुन्हा गाडीत भरायचे नसते.

पाचवी जागा तरुणांची स्वस्त वसतिगृहे, म्हणजे यूथ हॉस्टेल. ही कल्पनाही जर्मनीचीच, रिखार्ट शिरमान नावाच्या एका शाळामास्तराची. तिथल्या बैठकीच्या खोलीत बहुधा एक फळी असते. पुढच्या गावाला निघालेला पांथस्थ मागच्या गावाचे पुस्तक त्यावर ठेवून जातो. आणि शहराचा नकाशा तर विकत घेऊच नये. पुष्कळ गावांच्या प्रवासी कचेरीत तो मागितला की मिळतो.

इथे कोणी म्हणेल, "अहो, मोबाइल असताना हा खटाटोप कशाला?" मोबाइल आहेच. 'विकिव्हॉयेज' हा जगातल्या हौशी प्रवाशांनी मिळून लिहिलेला कोश त्यावर फुकट वाचता येतो, आणि तो वाचावाच. पण मोबाइलला जे विचारावे तेवढेच तो सांगतो. व्हिएन्नात काय विचारावे हेच ज्याला ठाऊक नाही, त्याला पुस्तक चाळताना आपण न विचारलेल्या गोष्टी भेटतात. पाने उलटता उलटता एखादी कबरस्ताने, पूल, जुन्या वेधशाळा यांची ओळ नजरेला पडते आणि दुपार सार्थकी लागते.

आता जुन्या पुस्तकातले काय खरे मानावे आणि काय मानू नये? याचा दाखला दाभोळातच आहे. पंचवीस वर्षांपूर्वीचे कोकणाचे एखादे पुस्तक उघडा. दाभोळहून गुहागरला जायचे तर दापोली, खेड, चिपळूण असा शंभरावर किलोमीटरांचा वळसा त्यात असेल. २००३ साली दाभोळ ते धोपावे अशी गाड्या नेणारी फेरीबोट सुरू झाली आणि तो वळसा काही मिनिटांवर आला. त्याहून जुन्या पुस्तकात मुंबईहून आगबोटीने दाभोळला उतरा म्हणून सांगितले असेल. त्या आगबोटी केव्हाच बंद झाल्या. पण त्याच पुस्तकातली खाडीकाठची शाही मशीद जागेवर आहे, चंडिकेचे भुयारातले देऊळ जागेवर आहे, आणि पलीकडच्या तीरावर अंजनवेलचा गोपाळगडही आहे. म्हणजे पाहायचे काय, ते जुन्या पुस्तकाला विचारावे. जायचे कसे, राहायचे कुठे, दर किती, सुट्टीचा वार कोणता, हे सारे त्या दिवशीचे ताजे पाहून घ्यावे. ज्या पुस्तकात जर्मनीतले भाव मार्कांत आणि फ्रान्समधले फ्रँकांत आहेत ते २००२ च्या आधीचे समजावे. त्यातली भाववाचनाची पाने करमणुकीपुरती.

आणखी एका पानाबद्दल बजावून सांगतो, कारण त्यात खरोखरीचा धोका आहे. ते म्हणजे व्हिसाचे पान. नवे असो वा जुने, इंग्रजी गाइडबुक बहुधा अमेरिकन, ब्रिटिश किंवा ऑस्ट्रेलियन वाचकासाठी लिहिलेले असते. त्यात 'व्हिसा लागत नाही' असे छापलेले असते ते त्यांना. आपला पासपोर्ट निराळा. जर्मनीत वास्तव्याचा परवाना असलेल्या भारतीय विद्यार्थ्याला शेंगेन गटातल्या इतर देशांत १८० दिवसांत ९० दिवसांपर्यंत फिरता येते. प्राग आणि व्हिएन्ना दोन्ही त्यात बसतात. पण लंडन पाहावेसे वाटले तर ब्रिटनचा व्हिसा वेगळा काढावा लागतो. पुस्तकाच्या भरवशावर विमानतळावर गेलेल्या मुलाला तिथूनच परत यावे लागले, तर तेवीस युरो वाचविल्याचे समाधान फार वेळ टिकायचे नाही.

ओझ्याचाही एक प्रश्न असतो. युरोपचे जाडजूड पुस्तक पाठीवर घेऊन हिंडण्यात अर्थ नाही. तिकडची मुले लागेल तेवढा भाग खुशाल फाडून नेतात. बेडेकरच्या जुन्या पुस्तकांतले काही भाग तर मुद्दामच सुटे होतील असे बांधलेले असत. आपल्याला ते जमणार नाही. पुस्तकाला पाय लागला तर नमस्कार करणारी आपण माणसे, दसऱ्याला त्याची पूजा करणारी. तेव्हा हवी ती पाने मोबाइलने टिपून घ्यावीत आणि पुस्तक खोलीवर ठेवावे, म्हणजे पुढच्या विद्यार्थ्याला ते अखंड मिळेल.

दाभोळच्या गृहस्थांना आता त्यांच्याच गावची एक गोष्ट सांगतो. पंधराव्या शतकात रशियातल्या त्वेर गावचा अफनासी निकितिन नावाचा एक व्यापारी हिंदुस्थानात आला. तो चौलला उतरला, जुन्नरला पावसाळा काढला, बहामनी राजधानी बीदर पाहिली आणि १४७० च्या दशकाच्या आरंभी परतीची बोट धरली ती दाभोळच्या बंदरात. जुन्या वाचकांना १९५७ चा 'परदेसी' हा नर्गिसचा चित्रपट आठवत असेल. तो याच निकितिनवरचा. हा काही मोठा सावकार नव्हता. शंभर रूबल घालून घेतलेला एक घोडा विकून चार पैसे करावेत म्हणून आलेला. वाटेत व्होल्गेच्या मुखाशी लुटारूंनी त्याला लुटले, त्यात त्याची पुस्तकेही गेली. त्यामुळे आपले सण कधी येतात, उपास केव्हा धरायचा, हेही त्याला कळेनासे झाले. ते दुःख त्याने पुन्हा पुन्हा लिहून ठेवले आहे. पुस्तक हरवलेल्या त्या माणसाने मग स्वतःची वही लिहिली. कुठे काय पिकते, काय स्वस्त, जकात किती, कोणत्या गावाहून कोणते गाव किती दिवसांवर, हे सारे त्यात आहे. इथे भरपूर माल आहे असे सांगून मला फसविले, आमच्या मुलखात खपेल असा माल इथे नाही, असे तो मागून येणाऱ्यांना बजावतो. मार्गदर्शिका म्हणजे दुसरे काय असते?

त्या वहीत दाभोळ आहे. हे फार मोठे बंदर आहे, मिसर, अरबस्तान, खुरासान इथून इथे घोडे येतात आणि इथून खुष्कीने बीदर-गुलबर्ग्याला महिना लागतो, असे तो लिहितो. होर्मुझपर्यंतच्या बोटीसाठी आपण दोन सुवर्णनाणी दिली, हेही तो नोंदवायला विसरत नाही. बोट भरकटून हबशांच्या किनाऱ्याला लागली. पुढे इराण आणि काळा समुद्र ओलांडून तो घराकडे निघाला, पण घरी पोचण्याआधी स्मोलेन्स्कच्या अलीकडेच वारला. वही मात्र पोचली. तिचा इंग्रजी अनुवाद लंडनच्या हॅकलूट सोसायटीने १८५७ साली छापला आणि आज तो कोणालाही संगणकावर फुकट वाचता येतो. निकितिनने पाहिलेल्या त्या बंदराची पुढे १५०८ च्या डिसेंबरअखेर पोर्तुगीज व्हाइसरॉय आल्मेदाने राखरांगोळी केली. म्हणून तर त्या वहीतल्या चार ओळींचे मोल मोठे आहे.

आता खंत वाटते ती ही. निकितिनचे दाभोळ रशियन शाळांतल्या मुलांच्या वाचनात येते आणि आमच्या मुलांच्या हाती दाभोळवरचे एक साधे सोळा पानी पुस्तक पडत नाही. बाहेरच्या जगाला दाभोळ हे नाव माहीत झाले ते १९९० नंतरच्या वीजप्रकल्पाच्या भांडणातून, आणि तो प्रकल्प तर खाडीपलीकडे गुहागर तालुक्यात! परदेशी गाइडबुकात मुंबई आणि गोवा यांच्यामधला आमचा किनारा बहुधा थोडक्यातच आटोपतो. त्याबद्दल त्यांना बोल लावण्यात अर्थ नाही. आपल्या गावाची वही आपण लिहिली नाही, तर ती तिऱ्हाइताने का लिहावी?

तेव्हा पत्रलेखक महाशय, मुलीला सांगा : पुस्तक वाचनालयातून आण, व्हिसाचे नियम स्वतः पाहा, आणि प्राग-व्हिएन्नाला खुशाल जा. मात्र बरोबर एक कोरी वही ने. कुठे किती पैसे पडले, कुठे फसलीस, शाकाहारी जेवण कुठे मिळाले, कोणत्या संग्रहालयात विद्यार्थ्याला सवलत होती, हे रोज रात्री लिहून ठेव. पुढच्या वर्षी कोकणातून जो मुलगा किंवा मुलगी तिकडे येईल, त्याला ती दे. तेवीस युरोंच्या पुस्तकात नसलेले पुष्कळ त्यात असेल, आणि ते आपल्या पासपोर्टाच्या, आपल्या खिशाच्या माणसासाठी लिहिलेले असेल.

आणि ती सुट्टीत घरी येईल तेव्हा शाळेतली चार मुले हाताशी घेऊन हाच उद्योग दाभोळात करावा. मशीद, चंडिका, बंदर, फेरीबोटीच्या वेळा, जेवणाची सोय, निकितिन आणि आल्मेदा, एवढे सोळा पानांत मावते. छापून ती पुस्तिका एस.टी. स्टँडवर आणि फेरीच्या धक्क्यावर विकायला ठेवावी. किंमत मात्र दहा रुपयांवर जाऊ देऊ नये, म्हणजे विद्यार्थ्यालाही ती परवडेल.